पिकअप गाडीची शक्ती का घटते? निदानाचा विचार

सरदारपुर व शेजारचे राजगढ यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या आधाराने वाढला. भोपावर एजन्सीचे ठाणे येथे होते त्या काळी माल बैलगाड्यांतून येई; पुढे मोटारट्रक आले; आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत किराणा, कापड, बी-बियाणे, लोखंड व धान्य यांची किरकोळ ने-आण बहुतांशी लहान पिकअप गाड्यांच्या हाती गेली. पूर्वेस इंदूर सुमारे शंभर किलोमीटर. पश्चिमेस झाबुआ-दाहोदकडे जाताना वाटेत माछलिया घाट. ज्यास पूर्वी ५९ क्रमांकाचा व आज ४७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणतात, त्याच रस्त्यावर आमच्यापैकी पुष्कळांची दुकाने उभी आहेत असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षे सेवा केलेली गाडी एके दिवशी घाटात दम टाकू लागली, तर तो केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही. उधारीवर घेतलेला माल, ठरलेला बाजाराचा दिवस व चालकाचा जीव ही तिन्ही त्या इंजिनावर अवलंबून असतात.

या विषयावर आम्ही लिहावे, असे सुचण्याचे कारण व्यावहारिक आहे. गाडी ओढत नाही म्हणून मालक ती कारखान्यात नेतो. मिस्त्री दोन वेळा अॅक्सिलरेटर दाबून पाहतो आणि निर्णय देतो की ‘इंजिन बैठ गया है, खोलना पड़ेगा.’ इंजिन खोलणे म्हणजे रिंग, पिस्टन, लायनर, बेअरिंग, हेडचे काम, आणि गाडी निदान आठ-दहा दिवस उभी. जुन्या गाडीच्या विक्रीस जी किंमत येईल तिचा मोठा हिस्सा या एका दुरुस्तीत जातो. मिस्त्रीचा निर्णय प्रत्येक वेळी चुकीचा असतो असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तथापि इंजिन खोलण्यापूर्वी ज्या परीक्षा व्हावयास हव्यात, त्या बहुधा होत नाहीत; आणि त्यांतील निम्म्याहून अधिक परीक्षांस एक पाना, एक स्वच्छ डबा व अर्धा दिवस याहून अधिक काही लागत नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी की शक्ती घटली आहे हे घाटातच का कळते. पिकअप गाडीचे स्वतःचे वजन व सव्वा-दीड टन माल मिळून सुमारे तीन टन होतात. वीस फुटांस एक फूट अशा चढावर हे वजन ताशी ४० किलोमीटर वेगाने वर नेण्यास केवळ उचलण्यासाठीच सुमारे २२ अश्वशक्ती लागतात. चाकांचा व हवेचा विरोध मिळवला म्हणजे हा आकडा तिसाच्या घरात जातो. तीच गाडी त्याच वेगाने सपाटीवर चालविण्यास नऊ-दहा अश्वशक्ती पुरतात. जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनाची नोंदलेली शक्ती साठ-पासष्ट अश्वशक्ती असते, पण ती पूर्ण फेऱ्यांवर. चढावर फेरे कमी पडले म्हणजे हाती येणारी शक्तीही कमी. तेव्हा इंजिनाने आपली एक तृतीयांश शक्ती गमावली असली तरी धार ते सरदारपुर या सपाट रस्त्यावर चालकास त्याचा पत्ता लागत नाही, आणि घाटाच्या पहिल्या वळणावर मात्र एकाएकी गाडी दुसऱ्या गिअरवर येते. रोग कित्येक महिन्यांचा असतो, लक्षण एका दिवसात दिसते. म्हणूनच ‘काल ठीक होती, आज बिघडली’ या चालकाच्या सांगण्यावर निदान उभारू नये.

मग आधी कळावे कसे? ज्या गाडीची डिझेलची चोपडी नीट ठेवलेली आहे तिचा रोग चोपडीतच प्रथम दिसतो. किती लिटर भरले, किती किलोमीटर झाले, माल किती होता, एवढे तीन रकाने पुरेत. लिटरमागे अकरा किलोमीटर देणारी गाडी त्याच मार्गावर, तेवढ्याच वजनाने नऊवर आली, म्हणजे डिझेल कुठेतरी वाया जात आहे. उलट सरासरी जशीच्या तशी आहे आणि ओढ मात्र गेली, तर इंजिनास डिझेलच पुरेसे पोहोचत नसावे असा संशय घेण्यास जागा होते. व्यापारी मनुष्यास रोजमेळ कसा वाचावा हे शिकविण्याची गरज नाही. गाडीचा रोजमेळ ठेवणारे मात्र आमच्या पाहण्यात थोडे आहेत.

आता परीक्षेकडे वळू. पहिला प्रश्न असा की दोष इंजिनात आहे की इंजिनाच्या पुढे. इंजिन पूर्ण शक्ती देत असूनही ती चाकापर्यंत पोहोचत नसेल, तर पिस्टन बदलून काय होणार? पाच-सात किलोमीटर गाडी चालवून, ब्रेक शक्य तितका कमी वापरून, बाजूस थांबवावी आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हाताची पाठ हळूच नेऊन पाहावी. एक चाक इतरांहून बरेच तापलेले असेल तर तेथे ब्रेक धरून बसला आहे. ग्रामीण रस्त्यावरची धूळ व पाणी यांमुळे मागील ड्रममधील चकत्या आणि हँडब्रेकची तार जाम होणे हा अत्यंत सामान्य दोष आहे. इंजिन बिचारे दिवसभर ब्रेकशी झुंजत असते. त्यानंतर क्लच. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असता इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग चढत नाही आणि जळकट वास येतो, तर क्लचप्लेट घसरत आहे. टायरांतील हवा कमी असणे, हेही या सदरात मोडते. आणि वजन? मालकाने कागदावर दीड टन लिहावे आणि गाडीत अडीच भरावे, मग इंजिनास दोष द्यावा, हा प्रकार आमच्या बाजारात अपरिचित नाही. त्याबद्दल अधिक न लिहिणेच बरे.

यानंतर एक अगदी क्षुद्र वाटणारी परीक्षा, जी आम्ही स्वतः प्रत्येक गाडीवर प्रथम करवून घेतो. इंजिन बंद असताना एका माणसाने चालकाच्या जागी बसून अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा व दुसऱ्याने बॉनेट उघडून डिझेल पंपावरील दांडी शेवटच्या खिळीस टेकते की नाही ते पाहावे. तार ताणली गेली असल्यास, किंवा पायाखालची चटई गुंडाळून पेडलच्या आड आली असल्यास, दांडी तीन-चतुर्थांशच फिरते. चालकास वाटते की आपण पूर्ण दाबला आहे. तार कसण्यास पाच मिनिटे लागतात. ही परीक्षा ज्यांच्या पंपास तारेची दांडी आहे अशा जुन्या गाड्यांनाच लागू आहे, हे सांगावयास नको. ज्या गाड्यांत पेडलखाली विद्युत्‌-संवेदक बसविला आहे त्यांचा विचार पुढे येईल.

डिझेल इंजिनास चार गोष्टी लागतात : भरपूर हवा, योग्य वेळी योग्य मापाचे डिझेल, हवा दाबून तापविण्याइतका घट्टपणा, आणि जळलेला धूर बाहेर पडण्यास मोकळी वाट. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे यशस्वीरीत्या चालले, तेव्हापासून आजतागायत या चार अटींत फरक पडलेला नाही. पेट्रोल इंजिनाप्रमाणे येथे ठिणगी नसते. हवा आपल्या आकारमानाच्या सुमारे अठरा ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाऊन इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. या एका वाक्यात निदानाची बरीच गुरुकिल्ली आहे.

हवेपासून आरंभ करू. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास निदान दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे इंदूरहून येताना दहा लिटर डिझेल खर्च झाले, तर एक लाख लिटरांहून अधिक हवा एअर फिल्टरच्या कागदातून गाळली गेली. ती हवा माळव्याची! चैत्र-वैशाखात काळ्या मातीची बारीक धूळ, कार्तिकात मंडीतील सोयाबीनचा भुसा, आणि कच्च्या रस्त्यावर पुढील ट्रकने उडविलेला लोट. पुस्तकात लिहिलेल्या मुदतीनुसार फिल्टर बदलणारा मनुष्य येथे फसतो, कारण ती मुदत सामान्य रस्त्यासाठी असते. फिल्टर काढून सूर्याकडे धरावा. कागदाच्या घड्यांतून प्रकाश दिसत नसेल तर तो निकामी समजावा. कारखान्यात हवेचा झोत मारून तो पुन्हा बसवितात. झोत आतून बाहेर व मंद असेल तर एखाददा चालेल. बाहेरून आत जोराने मारला तर कागदास सूक्ष्म भोके पडतात, आणि मग धूळ थेट सिलिंडरात जाऊन रिंगा खाऊ लागते. शंभर रुपयांच्या काटकसरीतून इंजिनाचे खरे काम कसे निघते याचा हा नमुना आहे.

येथे एक आडवी गोष्ट सांगून टाकतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंश उष्म्यात हवा पातळ होते. पंधरा अंशांवरील हवेपेक्षा तिच्यात सुमारे नऊ-दहा टक्के कमी प्राणवायू असतो. शिवाय हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनास आणखी पाचेक टक्के तोटा कायमचाच आहे. त्यामुळे पौषात उत्तम चालणारी गाडी वैशाखात थोडी जड वाटली तर तो रोग नव्हे. उन्हाळ्यातील गाडीची तुलना उन्हाळ्यातील गाडीशीच करावी.

ज्या गाड्यांना टर्बो आहे त्यांत हवेची वाट लांब असते, म्हणून फुटण्याच्या जागाही अधिक. रबरी होज पाइप बाहेरून धड दिसतो, पण घडीच्या पोटात चिरलेला असतो; इंजिन मंद असता चीर मिटते, जोर दिला की उघडते व दाबलेली हवा निसटते. अशा वेळी फुसफुस असा आवाज येतो, काळा धूर वाढतो व ओढ जाते. जोडावर तेलकट काळा डाग दिसला तर तेथेच चीर शोधावी. टर्बोचे तोंड उघडून त्याचा दांडा बोटाने हलवून पाहावा, परंतु इंजिन पूर्ण बंद असतानाच. चालू टर्बोचे चक्र मिनिटास लाखाच्या घरात फेरे घेते, त्याजवळ हात वा कापड नेणे म्हणजे आत्मघात होय.

आता डिझेलचा पुरवठा. आमच्या मते जुन्या पिकअप गाड्यांत शक्ती घटण्याची सर्वाधिक कारणे येथेच दडलेली असतात, आणि सर्वाधिक दुर्लक्षही येथेच होते. आमच्या परिचयाच्या एका किराणा व्यापाऱ्यांची गोष्ट येथे देण्यासारखी आहे. त्यांची गाडी बारा वर्षांची. घरून निघताना उत्तम चाले. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर चढ आला की दम टाकी. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा पूर्ववत. धूर मुळीच नाही. एका कारखान्यात नोझल बदलले, दुसऱ्यात पंप उतरवून दुरुस्त केला, तिसऱ्यात ‘फुल इंजिन’ सांगितले. सौदा ठरण्यापूर्वी त्यांच्या एका वृद्ध चालकाने सुचविले की पुढच्या वेळी गाडी दमली म्हणजे टाकीचे झाकण उघडून पाहावे. तसे केले. झाकण उघडताच आत हवा ओढल्याचा ‘सूं’ असा आवाज झाला आणि गाडी तत्काळ चालू लागली. झाकणातील हवेचे बारीक भोक धुळीने बुजले होते. टाकीतून डिझेल जाई, त्याच्या जागी हवा येईना. आत निर्वात निर्माण होऊन पंपास डिझेल ओढवेना. गाडी उभी केली की हवा हळूहळू झिरपे आणि रोग लपे. सुईने भोक साफ केले. नोझल व पंप यांवर झालेला खर्च अर्थात परत आला नाही.

या गोष्टीत निदानाचे एक तत्त्व आहे : रोग केव्हा येतो व केव्हा जातो हे नीट विचारावे. थोड्या अंतरानंतर येणारा, विश्रांतीने जाणारा व धूर नसलेला रोग हा बहुधा डिझेल अडल्याचा असतो. झाकण निर्दोष निघाले तर टाकीच्या तळातील जाळी पाहावी. तेथे बारा वर्षांचा गाळ असतो. त्यानंतर रबरी नळी. जुनी नळी आतून सुटून तिचा पदर झडपेसारखा आडवा येतो. त्यानंतर डिझेल फिल्टर. आणि या सर्वांची एकत्र परीक्षा घेण्याची युक्ती अशी की फीड पंपास टाकीऐवजी एका स्वच्छ, सुरक्षित बांधलेल्या डब्यातून नवी नळी द्यावी, परत येणारी नळीही त्याच डब्यात सोडावी, व गाडी थोडी चालवून पाहावी. गाडी चालली तर दोष टाकी व नळीत. नाही चालली तर पुढे शोधावा. अर्ध्या तासात अर्धा प्रदेश निर्दोष ठरतो. डबा तापलेल्या सायलेन्सरपासून दूर असावा, आणि जवळ कोणी बिडी ओढू नये, हे आवर्जून लिहिणे भाग आहे.

डिझेलच्या नळीत हवा शिरणे हा दुसरा चोरटा दोष. टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट ही ओढीची वाट आहे. तेथे जोड सैल असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून ‘कुठेच गळत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. पंपापूर्वी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली व तीत बुडबुडे वाहताना दिसले, तर दोष सिद्ध झाला. सकाळी गाडी सुरू होण्यास फार वेळ लागणे, हँड प्रायमर पुष्कळ मारावा लागणे, हे त्याचेच सोबती. बहुधा आठ आण्यांचा तांब्याचा वॉशर (आज तो त्या किमतीस मिळत नाही, ही गोष्ट निराळी) गुन्हेगार निघतो.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी असते. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पहिले पावभर द्रव काचेच्या बाटलीत घ्यावा व पंधरा मिनिटे ठेवावा. पाणी तळाशी बसून रेघ स्पष्ट दिसते. स्वस्त मिळते म्हणून रस्त्याकडेच्या पिंपातून घेतलेले इंधन, मग त्यास जे काही नाव दिलेले असो, पंपाचे व नोझलचे वंगण हिरावून घेते. डिझेल पंपाच्या आतील भाग डिझेलनेच वंगणले जातात, त्यांस दुसरे तेल नसते. हा एक मुद्दा ध्यानात ठेवला तरी लिटरमागे वाचविलेले चार रुपये कोठे जातात ते उमजेल.

धुराविषयी स्वतंत्र लिहितो, कारण धूर हा इंजिनाचा बोलका साक्षीदार आहे. काळा धूर म्हणजे जळण्यास हवा अपुरी किंवा डिझेल अधिक : फिल्टर, टर्बोचा होज, गळके नोझल, अथवा कोणी पंपाचा स्क्रू वाढवून ठेवलेला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. रिंगा, व्हॉल्व्हची सीले किंवा टर्बो. पांढरा धूर दोन प्रकारचा. सकाळच्या थंडीत थोडा वेळ येणारा व डोळ्यांस झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. तो इंजिन तापल्यावरही राहिला तर कॉम्प्रेशन कमी आहे किंवा फवाऱ्याची वेळ मागे पडली आहे. गोडसर वासाचा, वाफेसारखा धूर व त्याबरोबर रेडिएटरमधील पाणी घटणे, म्हणजे हेड गॅस्केट गेल्याची शंका. मात्र तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही कारणास्तव उघडू नये. आणि धूर अजिबात नसताना ओढ नसणे, हे लक्षण बहुतेकदा डिझेल कमी मिळत असल्याचे, आणि म्हणून स्वस्तात बरे होणारे असते.

पंपाचा स्क्रू वाढविण्याविषयी दोन शब्द. मूळ दोष न शोधता डिझेलचे माप वाढवून देणारे मिस्त्री आढळतात. गाडी दोन दिवस बरी वाटते. मग काळा धूर, तापणारे इंजिन, आणि अखेर पिस्टनच्या डोक्यास पडलेले भोक. बुजलेल्या एअर फिल्टरवर हा उपाय करणे म्हणजे श्वास कोंडलेल्या मनुष्यास अधिक जेवू घालणे होय. पंपावर जे शिशाचे सील असते ते याचसाठी. ते तुटलेले दिसल्यास कोणी तोडले याची चौकशी मालकाने अवश्य करावी.

सायलेन्सरची वाटही तपासावी. दगडावर आपटून पाइप चेपला, किंवा आतला पत्रा सुटून आडवा झाला, तर इंजिन गुदमरते. सायलेन्सरच्या अलीकडील जोड सैल करून थोडे अंतर चालविता ओढ परत आली, तर दुसरे प्रमाण नको. आवाज मोठा होईल, म्हणून हे वस्तीबाहेर करावे.

एवढे सर्व निर्दोष ठरल्यावरच इंजिनाच्या अंतरंगाकडे वळावे. तेथेही खोलण्यापूर्वी तीन परीक्षा आहेत. व्हॉल्व्हचे अंतर फीलर गेजने मोजणे ही पहिली. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल तर दाब निसटतो, आणि याचे सेटिंग हे एका दुपारचे काम आहे. दुसरी, चालू इंजिनावर तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहणे : तेथून वाफाळ धूर धक्क्याधक्क्याने उसळत असेल, ज्यास मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, तर रिंगा व लायनर झिजले आहेत. थोडासा धूर जुन्या इंजिनात असणारच, जोर पाहावयाचा. तिसरी व निर्णायक परीक्षा म्हणजे कॉम्प्रेशन गेज. प्रत्येक सिलिंडरात गेज लावून आकडे लिहून घ्यावेत. धड डिझेल इंजिनात हे आकडे साधारणतः पंचवीस ते तीस बारच्या आसपास असतात. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. सर्व सिलिंडर थोडे खाली पण सारखे असतील तर घाई नाही. एकच सिलिंडर फार खाली असेल तर त्याच्यापुरता दोष, बहुधा व्हॉल्व्हचा वा गॅस्केटचा. चारही फार खाली असतील तर मात्र मिस्त्रीचे म्हणणे खरे, आणि इंजिन खोलणे अपरिहार्य. गेज लावण्यास जो मिस्त्री तयार नाही, त्याच्या हाती इंजिन देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता नव्या पद्धतीच्या गाड्या. देशभर २०१७ च्या एप्रिलपासून भारत स्टेज चार व २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले, आणि पिकअप गाड्यांत यांत्रिक पंपाची जागा कॉमन रेलने घेतली. यांतील पहिल्या गाड्याही आता जुन्यांत जमा होत आहेत. येथे इंजिनाचा संगणक कोणताही संवेदक विसंगत दिसला की स्वसंरक्षणार्थ शक्ती कापून टाकतो; गाडी चालते, पण ठरावीक फेऱ्यांपलीकडे जात नाही, आणि समोरचा पिवळा दिवा लागतो. हा दोष कानाने वा धुराने सापडत नाही. स्कॅनर लावून क्रमांक वाचावाच लागतो. काजळीने जाम झालेला ईजीआर व्हॉल्व्ह, हवा मोजणारा मळका संवेदक, रेलमधील दाब कमी असणे, ही नित्याची कारणे होत. पण स्कॅनरने सांगितलेला भाग तत्काळ बदलू नये. ‘रेलमधील दाब कमी’ असे त्याने सांगितले तर कारण बुजलेला पन्नास पैशांचा गाळ असू शकतो. वर सांगितलेली टाकी, जाळी व फिल्टर यांची परीक्षा येथेही चुकत नाही.

एक सावधगिरी मात्र जीवनमरणाची आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर मिस्त्री एकेका नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करीत नाही ते पाहतात. तेथे दाब दीडशे-दोनशे बारचा असतो, आणि ती रीतही डोळे व हात जपूनच करावयाची. कॉमन रेलमध्ये दाब हजार ते सोळाशे बार व कधी त्याहूनही अधिक असतो. त्या इंजिनावर चालू स्थितीत नट सैल करणे सर्वथा निषिद्ध आहे. बारीक धार कातडीतून आरपार शिरते, जखम टाचणीएवढी दिसते, आणि उपचारास उशीर झाल्यास बोट वा हात गमवावा लागतो. अशी इजा झाल्यास दुखत नसले तरी त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व डिझेल टोचले गेले आहे असे स्पष्ट सांगावे. आमच्या गावच्या कारखान्यांत दोन्ही प्रकारच्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि काम करणारी मुले तीच असतात, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

सरतेशेवटी परीक्षेच्या रीतीविषयी. दुरुस्ती झाली की नाही हे चालकाच्या मनावर सोडू नये. एक ठरावीक चढ निवडावा, एक ठरावीक वजन, एक गिअर. पायथ्याशी वेग किती व माथ्यावर किती हे चोपडीत लिहावे. एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि पुन्हा त्याच चढावर जावे. फिल्टर, नोझल व होज एकाच दिवशी बदलले व गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वर्षी तिन्ही पुन्हा बदलावे लागतात. काढलेला प्रत्येक भाग मालकाने मागून घ्यावा. आणि इंजिनाचे काम खरोखरीच करावे लागले, तर पहिले हजार किलोमीटर अर्ध्या वजनाने व मध्यम वेगाने चालवावे, पाचशेवर तेल व ऑइल फिल्टर बदलावेत, आणि माछलिया घाट त्यानंतरच पूर्ण मालाने चढावा.